आधी यार्ड फिरून ये, मग पडद्यासमोर बस

पोरी, नोकरीचे पेढे खाऊन झाले, आता कामाचं ऐक. पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये तुला खुर्ची देतील आणि समोर असतील स्काडाचे, म्हणजे दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेचे, पडदे. अख्खं उपकेंद्र त्यावर रेघांनी काढलेलं असतं: बस, फीडर, ट्रान्स्फॉर्मर, लाल-हिरवे ब्रेकर. लगेच बसू नकोस. एखाद्या जुन्या यंत्रचालकाला बरोबर घे आणि आधी यार्ड फिरून ये. पडद्यावरचा प्रत्येक ब्रेकर खडीवर नेमका कुठं उभा आहे, त्याच्या पेटीतला लोकल-रिमोट स्विच कुठल्या बाजूला आहे, पेटीची किल्ली कुणाकडे असते, स्प्रिंग चार्ज करायचं हँडल जागेवर आहे की कुणी खिडकीला टेकू म्हणून लावलंय, हे डोळ्यांनी बघ. पडदा सांगतो ते खरं, ही सवय माणसाला फार लवकर लागते. ती लागायच्या आत यार्डाशी ओळख झालेली बरी.

म्हातारा आपलं जुनं उगाळतोय असं वाटेल तुला. तसं नाही. एका जागी बसून पन्नास ठिकाणचे ब्रेकर चालवता येतात ही चांगलीच गोष्ट आहे. रात्री दोन वाजता पावसात गमबूट चढवून यार्डात जायची हौस आम्हालाही नव्हती. पण निवृत्तीनंतर रिकाम्या वेळात मी जगभरातल्या वीज आणि तेल कंपन्यांवरच्या सायबर हल्ल्यांचे जाहीर झालेले अहवाल वाचून काढले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चोरानं भिंत फोडल्याचं क्वचितच दिसतं. आपण आपल्या सोयीसाठी जे दार उघडं ठेवलं, त्यातूनच तो आला. आणि तो येऊन गेल्यावर वीज परत आणली ती यार्ड माहीत असलेल्या माणसांनी.

युक्रेनचं प्रकरण तर तुला तोंडपाठच हवं. २३ डिसेंबर २०१५, दुपारी साडेतीनची वेळ. पश्चिम युक्रेनात इव्हानो-फ्रान्किव्स्क भागाला वीज देणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप सरकायला लागला. बाणानं एक ब्रेकर निवडला, उघडला, मग पुढचा. ऑपरेटर माउस ओढतोय, बाण ऐकत नाही. थोड्या वेळात त्याला लॉगिनमधूनच बाहेर काढलं गेलं. त्याच दिवशी तीन वितरण कंपन्यांवर हा प्रकार झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. सायबर हल्ल्यानं वीज गेल्याचं जगजाहीर झालेलं हे पहिलं उदाहरण.

हल्लेखोर आत कसे आले ते नीट समजून घे. काही महिने आधी कार्यालयातल्या लोकांना ईमेल गेल्या, सोबत वर्ड-एक्सेलच्या फायली. फाइल उघडली की ‘मॅक्रो चालू करा’ असं विचारलं जायचं. कुणीतरी केलं चालू. तिथून त्यांनी कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये पाय रोवले आणि पासवर्ड गोळा केले. काही कर्मचारी बाहेरून व्हीपीएनवरून कंट्रोलच्या नेटवर्कमध्ये शिरत असत. त्यांच्याच पासवर्डनं हेही शिरले, कारण पासवर्डखेरीज दुसरी कसलीही खातरजमा तिथं नव्हती. मग सहा महिने किंवा त्याहूनही जास्त काळ ते शांतपणे बघत बसले: कुठला ब्रेकर कुठं आहे, यूपीएस कुठला आहे, फोन कसे चालतात. ब्रेकर उघडायला त्यांना कसलंही अद्भुत शस्त्र लागलं नाही. ऑपरेटरचाच पडदा, ऑपरेटरचंच नाव.

खरी हुशारी पुढे आहे. कंट्रोल रूमचा यूपीएस नेटवर्कवरून बंद होईल अशी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती, म्हणजे दुसऱ्यांची वीज गेल्यावर कंट्रोल रूमही अंधारात. तक्रार केंद्राच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा केला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागू नये. उपकेंद्रांतल्या कन्व्हर्टरचं, म्हणजे जुन्या यंत्रांचं बोलणं नेटवर्कवर नेणाऱ्या त्या छोट्या डब्यांचं, फर्मवेअर खराब करून टाकलं. ते डबे दुरुस्तही होत नाहीत, नवेच आणावे लागतात. जाता जाता संगणकांच्या डिस्कही पुसल्या.

आणि तरीही वीज एक ते सहा तासांत परत आली. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. रिमोटचं गाडं मात्र पुढे कित्येक महिने रुळावर आलं नाही. हे हल्ले अभ्यासणाऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की युक्रेनची यंत्रणा जुनी होती, हातानं चालवायची सवय मोडलेली नव्हती, म्हणून निभावलं. आपल्याकडे नवी उपकेंद्रं माणसाविना चालवायचा कल आहे. पैसे वाचतात, मान्य. पण अशा उपकेंद्रावर रात्री पोचून कुलूप उघडून कोण ब्रेकर लावणार, त्याला तिथं पोचायला किती वेळ लागतो, हे कुठल्याच फायलीत नसतं. तू विचार. आणि शटडाऊन मिळेल तेव्हा, लोड डिस्पॅचची, म्हणजे भार प्रेषण केंद्राची, परवानगी घेऊन, एखादा फीडर लोकलवर घेऊन स्वतः चालव. दर वेळी वेगळा माणूस बरोबर ने.

दुसरं काम वहीचं आहे. कुंपणाबाहेर जाणारी प्रत्येक तार आणि हवेतून जाणारा प्रत्येक सिग्नल त्या वहीत लिही. ‘आमचं स्काडा इंटरनेटला जोडलेलंच नाही’ असं तुला छातीठोकपणे सांगणारे भेटतील. भांडू नकोस. फक्त विचार की रिले, म्हणजे बिघाड दिसताच ब्रेकर उघडायला लावणारं यंत्र, पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस मग बंगळुरात बसून सेटिंग कसं बघतो? तेव्हा कुणाला तरी आठवतं की पॅनेलच्या मागे सिमकार्ड घातलेला एक राउटर आहे, कमिशनिंगच्या वेळी तात्पुरता लावलेला. आपल्या क्षेत्रात तात्पुरत्या गोष्टीचं आयुष्य ट्रान्स्फॉर्मरपेक्षा जास्त असतं. तसंच यूपीएसमधलं नेटवर्कचं कार्ड, बॅटरी चार्जरचा मॉनिटर, गेटवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. डीव्हीआरला हसू नकोस. लडाखच्या बाजूच्या राज्य भार प्रेषण केंद्रांवर चीनशी संबंधित टोळ्यांचा डोळा होता असा एका अमेरिकी कंपनीचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये आला, त्यात या लोकांनी इंटरनेटवर उघडे पडलेले डीव्हीआर आणि कॅमेरेच आपला अड्डा म्हणून वापरल्याचं म्हटलं होतं. ते प्रयत्न फसले असं आपल्या ऊर्जामंत्र्यांनी तेव्हा सांगितलं.

वही का, तर डेन्मार्कमुळे. मे २०२३ मध्ये तिथल्या २२ ऊर्जा कंपन्यांमध्ये हल्लेखोर घुसले. वाट होती झायक्सेल कंपनीच्या फायरवॉलमधून. पहिल्या लाटेत वापरलेली चूक दुरुस्त करणारं अपडेट दोन आठवडे आधीच आलेलं होतं, आणि फुकट होतं. मग लावलं का नाही? कुणाला वाटलं फायरवॉल नवी आहे, म्हणजे त्यात सगळं असणारच. कुणाला वाटलं ते काम पुरवठादाराचं. कुणी बसवण्याचा खर्च वाचवला. हे वाचताना मला सगळे चेहरे ओळखीचे वाटले. म्हणून वहीत वस्तूच्या नावापुढे आणखी एक रकाना कर: याचं अपडेट कोण करतं? तिथं ‘कंपनी’ असं लिहू नकोस, माणसाचं नाव लिही.

अपडेटबद्दल एक सावधगिरी मात्र ठेव. माहिती तंत्रज्ञान विभागातली तरुण मुलं म्हणतील, आलं अपडेट की लगेच टाका. कार्यालयातल्या संगणकाला ते ठीक. रिले आणि उपकेंद्राची खबर कंट्रोल सेंटरला देणारे आरटीयू वीस-पंचवीस वर्षं चालवायच्या हिशेबानं घेतलेले असतात. अपडेट टाकलं आणि चालू लाइनवर रिले बंद पडला तर हल्लेखोराची गरजच उरली नाही. आधी सुट्या रिलेवर चाचणी, मग शटडाऊनमध्ये काम. आणि ज्याला अपडेटच होत नाही, त्याच्या आजूबाजूचा रस्ता अरुंद करायचा: त्याच्याशी कोण बोलू शकतं याची यादी आखूड ठेवायची. याचं कारणही समजून घे. आरटीयू आणि कंट्रोल सेंटर ज्या भाषेत बोलतात ती, म्हणजे आयईसी १०४, ज्या काळात ठरली तेव्हा तारेच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसं असायची. मूळच्या १०४ मध्ये ‘तू कोण?’ असा प्रश्नच नाही. ‘ब्रेकर उघड’ म्हटलं की तो उघडतो. त्यामुळे त्या तारेपर्यंत कुणाला पोचू द्यायचं, हाच खरा बंदोबस्त.

पेन ड्राइव्हविषयी सगळेच सांगतील, मी थोडक्यात सांगतो. इराणच्या नतान्झमधला युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना बाहेरच्या जगापासून तोडलेला होता, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेलं स्टक्सनेट नावाचं मालवेअर तिथल्या सेंट्रिफ्यूजपर्यंत पोचलं. पेन ड्राइव्हवरून पसरणं ही त्याची खासियत. आपल्याकडे पेन ड्राइव्हपेक्षा लॅपटॉपची काळजी जास्त कर. टेस्टिंगवाल्यांचा जो लॅपटॉप रिलेला लावला जातो तोच रात्री हॉटेलच्या वायफायवर असतो. रिलेसाठी वेगळा लॅपटॉप ठेव, कपाटात कुलपात, आणि पाहुण्यांना तोच दे. कुरकुर होईल. होऊ दे.

कार्यालयाचं नेटवर्क वेगळं आणि प्लांटचं वेगळं, हे वाक्य ऐकलं की कुडनकुलमचा अणुवीज प्रकल्प आठव. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अणुऊर्जा महामंडळाकडून आधी सांगण्यात आलं की असा हल्ला शक्यच नाही, यंत्रणा स्वतंत्र आहे. लगेच दुसऱ्या दिवशी मान्य करावं लागलं की प्रशासकीय नेटवर्कला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडलं होतं आणि देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, सर्ट-इननं, ते सप्टेंबरमध्येच कळवलं होतं. अणुभट्टीची यंत्रणा खरोखरच वेगळी होती, तिला काही झालं नाही. पण पहिल्या दिवशीच्या त्या ‘शक्यच नाही’नं जी अब्रू गेली ती मालवेअरनं गेली नसती. तुझ्या टेबलावर पत्रकाराचा फोन आला तर ‘तपासतोय’ एवढंच म्हण.

पासवर्डचं मला कंटाळवाणं व्याख्यान द्यायचं नाही. दोनच गोष्टी. रिलेवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असतो आणि तो कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो; पुस्तिका इंटरनेटवर मिळते. पुढे बोलायला नको. दुसरी गोष्ट, गेलेल्या माणसांची खाती. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली, पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मं इंधन वाहणारी. हल्लेखोर आले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड कुठूनतरी फुटलेला आणि ओटीपीसारखी दुसरी अट नव्हतीच. वापरात नव्हतं, तर चालू कशाला ठेवलं होतं? आपल्याकडे माणूस निवृत्त होतो त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, ओळखपत्र परत घेतात, आणि आयडी तसाच राहतो. जाऊन बघ. माझासुद्धा राहिलेला असेल तर बंद करून टाक, मला विचारू नकोस.

कलोनियलमधली दुसरी गंमत अशी की पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारी यंत्रणा हल्लेखोरांच्या हाती गेलीच नव्हती. कार्यालयातले संगणक कुलूपबंद झाले, रोग कुठवर पसरलाय ते कळेना, म्हणून कंपनीनं स्वतःच पाइपलाइन थांबवली. खंडणीचे ७५ बिटकॉइन मोजले, त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर. म्हणून वरिष्ठांना एक प्रश्न आधीच विचारून ठेव: उद्या कार्यालयातले सगळे संगणक बंद पडले तर आपण उपकेंद्र चालू ठेवायचं की नाही, आणि ते कोण ठरवणार? उत्तर लेखी घे.

किल्ल्यांचा मी वेडा आहे हे तुझ्या काकूला विचार. पण २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा यंत्रणेच्या कंट्रोलरवर हल्ला झाला, म्हणजे ज्या यंत्रणेनं संकटात प्लांट सुरक्षितपणे बंद करायचा, तिच्यावरच. त्या कंट्रोलरला बाहेरून एक साधी फिरवायची किल्ली असते. ती ‘रन’वर असती तर नवा प्रोग्रॅम आत घालता आला नसता. ती ‘प्रोग्रॅम’वर राहिली होती. कुणालातरी दर वेळी जाऊन फिरवायचा कंटाळा आला असणार. हल्लेखोरांचीच काही गडबड झाली, प्लांट आपोआप बंद पडला, म्हणून प्रकरण उघडकीस आलं. तुझ्या रोजच्या फेरीत किल्ल्यांची स्थिती लॉगबुकात लिहायची पद्धत पाड.

आता मुंबईचं सांगतो, कारण तुझ्या मुलाखतीतही विचारलं होतं म्हणालीस. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही लाइनींची अडचण होती आणि शहराला वेगळं काढून वाचवणारी आयलँडिंगची व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला की ‘रेडएको’ नावाच्या चीनशी संबंधित टोळीनं देशातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांसह वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, घातपाताचा संशय आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे. त्या अमेरिकी कंपनीनंही मुंबईच्या अंधाराशी थेट दुवा सिद्ध झाल्याचं म्हटलं नव्हतं.

मी यातून काय घेतलं? वीज गेली की पहिल्या तासात ‘हॅकर’ म्हणू नकोस आणि ‘आपल्यात असलं होतच नाही’ असंही म्हणू नकोस. झाड पडतं, इन्सुलेटर फुटतो, कुणाच्या हातून चुकीचा आयसोलेटर उघडतो; बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. आधी रिलेचे इव्हेंट आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढ. आणि ते काढून काही कळायला हवं असेल तर सगळ्या यंत्रांची घड्याळं जीपीएसशी जुळलेली हवीत. एक रिले दहा पाचला ट्रिप म्हणतो, दुसरा दहा दोनला. मग चौकशी समितीनं काय करायचं? घड्याळ जुळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं हे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशातही आहे. पण लॉग जपून कुणी वाचतच नसेल तर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आठवड्यातून एक दुपार त्याला दे: रात्री तीनला कुणी लॉगिन केलं, सुटीवरच्या माणसाच्या नावानं कोण आलं.

आणि समजा बाण खरंच आपोआप हलला, तर? संगणकाचा प्लग उपटू नकोस. चोराच्या खुणा मेमरीत असतात, त्या जातात. नेटवर्कची केबल काढ. कुठली केबल काढली की बाहेरचं तुटतं पण रिलेचं संरक्षण चालू राहतं, हे आधीच ठरवून तिला लाल पट्टी लावून ठेव, आणि ती काढायचा अधिकार शिफ्टमधल्या माणसाला आहे असा आदेश आजच काढून घे. नाहीतर ऐन वेळी साहेबांचा फोन लागेपर्यंत सगळा बस बसलेला असेल. मग यार्डात माणूस पाठव, ब्रेकर लोकलवर घ्यायला सांग. लोड डिस्पॅचला कळव, पण त्याच नेटवर्कवरच्या फोनवरून नको. नंबरांची यादी कागदावर, भिंतीवर. मोबाइलवर विसंबू नकोस. टॉवरच्या बॅटरीचा भरवसा काय? सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवावं लागतं, आणि ते लपवायचं नसतं, शेजारच्या उपकेंद्राला सावध करता यावं म्हणून कळवायचं असतं, हे तुझ्या साहेबांनाही समजाव.

शेवटचं सांगतो, आणि हे पुस्तकात सहज मिळत नाही. युक्रेनवर वर्षभरानं पुन्हा हल्ला झाला, १७ डिसेंबर २०१६ ला, कीव्हच्या उत्तरेच्या ३३० केव्ही उपकेंद्रावर. या वेळी माणसाचा हात माउसवर नव्हता. मालवेअर स्वतःच १०४ ची भाषा बोलत होतं. तासाभरात लोकांनी हातानं वीज परत आणली, सगळ्यांनी हुश्श केलं. नंतर त्या मालवेअरची चिरफाड केली तेव्हा त्यात एक तुकडा सापडला: विशिष्ट जातीच्या संरक्षण रिलेंना बधिर करणारा. तो त्या दिवशी नीट चालला नाही. पण काही अभ्यासकांनी तर्क मांडला तो असा की वीज घालवणं हा पहिलाच टप्पा होता. घाबरलेली माणसं घाईनं लाइन चार्ज करतील, त्या वेळी रिले मेलेला असेल, आणि मग जे जळेल ते तासांत नव्हे, महिन्यांत दुरुस्त होईल. एवढा मोठा ट्रान्स्फॉर्मर कुणाच्या गोदामात तयार नसतो.

म्हणून हातानं ब्रेकर लावायला शिक म्हणालो त्याला ही जोड आहे. चार्ज करण्याआधी रिलेच्या पॅनेलसमोर जाऊन उभी राहा. हेल्दीचा दिवा आहे का, रिले बटणाला उत्तर देतो का, डीसी पुरवठा येतोय का, सेटिंग कपाटातल्या कागदाशी जुळतं का. कागद म्हणतोय मी, फाइल नव्हे. ते प्रिंट दर वेळी सेटिंग बदललं की बदलायचे, तारीख आणि सही टाकून. हे सगळं बघायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत हॉटलाइनवर कुणीतरी मोठ्या आवाजात विचारेल की लाइन अजून का येत नाही, मंत्रालयातून फोन येतायत. ‘रिले तपासतेय’ म्हणायचं, विचारणाऱ्याचं नाव आणि वेळ लॉगबुकात लिहायची, आणि पुढच्या पॅनेलकडे जायचं.